टिंबूचे वेळापत्रक

गेल्या वर्षी आषाढातल्या एका संध्याकाळी आमची मिनू शाळेतून आली, ती रेनकोट अंगात न घालता हातात गुंडाळून घेऊनच आली. स्वतः ती नखशिखांत भिजली होती. रेनकोट मात्र आतून कोरडा राहील याची तिने पुरेपूर काळजी घेतली होती. तिची आई ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात रेनकोटानेच तोंड उघडले आणि एक बारीकशी जांभई दिली.

"वॉचमनच्या केबिनमागे होतं," मिनू म्हणाली. "त्याची आई परवा गाडीखाली गेली."

डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावरच्या साडेपाचशे चौरस फुटांत आम्ही चार माणसे राहतो. तिथे पाचवा जीव मावणे कसे अशक्य आहे, हे सिद्ध करणारा माझा बिनतोड युक्तिवाद तयार होता. पण त्या वाक्यानंतर तो घशातच राहिला. रेनकोटातला ऐवज बाहेर काढून आम्ही दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला. तांबूस रंगाचे, कान पडलेले, अस्सल गावठी पिल्लू. त्याने आम्हां चौघांकडे आळीपाळीने पाहिले, दोन पावले पुढे टाकली आणि पांढऱ्या फरशीवर एक गोल, सुबक, पिवळसर ठिपका उमटवला.

खिडकीजवळच्या खुर्चीतून दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "टिंब दिलंय. आता तो पूर्णविराम की अनुस्वार, ते तू सांग. मराठीचा प्राध्यापक तू."

तो पूर्णविराम नव्हता हे पुढच्या दहा मिनिटांतच कळले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी आपल्या लेखनातले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ते एवढे अनुस्वार गेले तरी कुठे, असे मी वर्गात गमतीने विचारीत असे. त्या आठवड्यात मला उत्तर मिळाले. ते सारे आमच्या फरशीवर येऊन पडले होते! सोफ्याखाली एक, देवघरापुढे एक, माझ्या चपलेत एक. पिलाचे नाव टिंबू पडले ते असे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले होते. मी फडके घेऊन धावत होतो.

आम्ही दोघे नोकरीवाले. माझा पहिला तास सकाळी सात वीसचा; ही बँकेत, मिनू शाळेत. दिवसभर घरात दादा एकटे. आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. दादा मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. उभे आयुष्य त्यांनी कोणती गाडी कुठे, किती वाजता आणि किती मिनिटे उशिरा, याची नोंद करण्यात घालवले. आई गेल्यावर मात्र त्यांच्या घड्याळाला पाहण्याजोगे काही उरले नव्हते. जेवण झाले की खिडकी आणि खिडकी झाली की जेवण. बोलणे तर मोजकेच. बाप-लेकांत आमच्याकडे पूर्वीपासूनच फारसे बोलणे नाही. जे काही होते ते आईच्या मार्फत होई.

दुसऱ्याच दिवशी टिंबूला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. दात पाहून त्यांनी वय सहा-सात आठवडे ठरवले आणि आम्हाला एका कोड्यात टाकले. पिलाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, त्या साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर. हे सारे होईतो जिथे इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडायचे नाही. पार्व्हो नावाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरून राहतो आणि पिलांना रक्ती हगवणीने नेतो. शिवाय पावसाळा, साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती. म्हणजे बाहेर करायला बंदी आणि आत केले तर आम्ही ओरडणार! बैठ्या घरात राहणाऱ्याला अंगण असते. चौथ्या मजल्यावरच्या पिलाने करावे तरी काय?

"गॅलरी आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "तिथे वर्तमानपत्र घाला."

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. कुत्र्याला स्वच्छता शिकवावी लागत नाही. ती तो घेऊनच येतो. पहिले सुमारे तीन आठवडे कुत्री पिलांना चाटून त्यांची सारी घाण स्वतःच साफ करते. मग पिले जरा पायांवर उभी राहू लागली की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन आपला कार्यभाग उरकतात. अंथरूण घाण करायचे नाही, एवढे त्यांना उपजतच कळते. अडचण इतकीच की, पिलाच्या लेखी घर म्हणजे त्याचे गोणपाट. गोणपाटापासून चार हातांवरचा आमचा सोफा हा त्याच्या दृष्टीने परगावच! तेव्हा आपण शिकवायचे ते एवढेच की बाबा रे, हे साडेपाचशे चौरस फूट सगळे तुझे अंथरूण आहे.

हे काम दादांनी आपणहून अंगावर घेतले. कुणी सांगितले नव्हते. एके दिवशी मी कॉलेजातून आलो, तो त्यांनी मिनूच्या जुन्या वहीत रेघा मारून चार रकाने पाडलेले होते : तारीख, वेळ, ठिकाण, शेरा. "कोणतीही गाडी वाटेल तेव्हा धावत नाही," ते म्हणाले. "आपल्याला वेळापत्रक माहीत नसतं, म्हणून तसं वाटतं."

आणि खरोखरच दोन आठवड्यांत वेळापत्रक दिसू लागले. झोपेतून उठल्याबरोबर एक. खाणे झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत दुसरे. खेळ ऐन रंगात आला असता तिसरे. त्याखेरीज, वय जितके महिने त्यात एक मिळवावा, तितके तास पिल्लू फार तर तुंबवून धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिलाला फार तर तीन तास, आणि जागे असून बागडत असेल तर तेवढेही नाही. गाडी सुटण्यापूर्वी सिग्नलही पडतो. खेळता खेळता एकदम थांबणे, जमीन हुंगणे, स्वतःभोवती गिरक्या घेणे. हे दिसले की हातातले काम टाकून त्याला उचलायचे आणि गॅलरीत ठेवायचे. त्याने बसकण मारली की दादा हलकेच म्हणत, "लाइन क्लिअर!" आणि काम होताक्षणी पोळीचा नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडात. होताक्षणी म्हणजे त्याच क्षणी. अर्ध्या मिनिटाने दिले तर ते बक्षीस कशाचे, हे त्याला कळत नाही. रशियातल्या पावलॉव्हसाहेबांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, पण जगाच्या ध्यानात राहिली ती त्यांची कुत्री. एखाद्या खुणेची आणि अन्नाची सांगड बसली की पुढे नुसती खूणही पुरते. महिन्याभरात टिंबूला दादांचे 'लाइन क्लिअर' पुरू लागले.

चुका झाल्या त्या आमच्या. पहिली चूक फिनेलची. फिनेल माणसाच्या नाकाला फसवते, कुत्र्याच्या नाही. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. आपल्याला फरशी लखलखीत दिसते; त्याला तिथे जुनी पाटी वाचता येते, 'येथे करावे'. शिवाय फिनेलवरून चालून पिलाने पंजे चाटले तर ते पोटात जाते, ते निराळेच. त्यासाठी एन्झाइम घातलेले द्रावण मिळते. ते वासाचे मूळच मोडते. ते आणल्यावर सोफ्याखालचा अनुस्वार कायमचा गेला.

दुसरी चूक वर्तमानपत्राची. पिलाला आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास ज्या पृष्ठभागाची सवय लागते, ती त्याच्या तळव्यांत मुरते. टिंबूच्या तळव्यांत कागद मुरला. एका रविवारी मी दिवाणखान्यात जमिनीवर चाचणीच्या उत्तरपत्रिका पसरून तपासत होतो. फोन आला म्हणून उठलो, आणि परत येऊन पाहतो तो एक उत्तरपत्रिका माझ्याआधीच तपासून झालेली! त्या विद्यार्थ्याला मी संशयाचा पुरेपूर फायदा दिला. दुसऱ्या दिवशी नर्सरीतून हिरवळीचा दोन फुटी तुकडा आणून पसरट ट्रेमध्ये घालून गॅलरीत ठेवला. गवत हीच जागा, हे एकदा तळव्यांना पटले की पुढे खाली मैदानात नेल्यावर वेगळा धडा द्यावा लागत नाही.

भाद्रपदात लसी पुऱ्या झाल्या आणि टिंबू खाली जाऊ लागला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर येईपर्यंत पिलाचा धीर सुटतो. म्हणून दादा त्याला उचलून नेत. कडेवर घेतलेले पिल्लू सहसा करीत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा हळूच विषय काढला. कुत्रा पाळायला किंवा त्याला लिफ्टमधून न्यायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, अशा सूचना भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या आहेत. त्या मी छापून खिशातच ठेवल्या होत्या. पण दादांनी मला हाताने थांबवले. त्यांनी खिशातून जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्या काढून दाखवल्या आणि म्हणाले, "आमची गाडी आमचा डबा स्वतः उचलते." सेक्रेटरी हसले. विषय तिथेच संपला. आता ते खाली भेटले की टिंबूला पहिले आणि मला दुसरे विचारतात.

दादा बदलले. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा, अशा चार फेऱ्या. मैदानावर त्यांना त्यांच्या वयाचे दोघे-तिघे भेटले. जेवताना ते टिंबूचा दिवसभराचा अहवाल देऊ लागले, आणि अहवालाच्या आडून आम्ही बाप-लेक बोलू लागलो. मी एकदा त्यांना म्हटले, "दादा, शिस्त हा शब्द फारसीतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ नेम धरणे." दादा म्हणाले, "मग बरोबरच आहे. आपल्यात नेम म्हणजे रोज न चुकता करायचं तेही. वेळेवर नेम धरायचा आणि रोज धरायचा. काठी कुठे लागते यात?" हे भाषाशास्त्र मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नव्हते.

आता जे घडले ते लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. दादांनाच विचारले. ते म्हणाले, "लिही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

नवरात्रातली गोष्ट. टिंबूला एव्हाना चार महिने झाले होते आणि रात्रभर तो अगदी कोरडा राहत होता. एके पहाटे पाच वाजता मी उठलो, तो बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये माझा पाय ओल्यात पडला. मी टिंबूला हाक मारली, ओल्याकडे बोट दाखवून दरडावले, "काय केलंस हे?" त्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतले, मान वळवली. गुन्हा कबूल! दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे मी मोठ्याने म्हणालो. तिसऱ्या पहाटे मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि त्याला दोन तडाखे दिले. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल मारून कुत्र्याला काही कळत नाही. तो फक्त आपल्याला भ्यायला आणि लपून करायला शिकतो, हे सारे मी वाचलेले होते. कॉलेजात सहकाऱ्यांना सांगतही होतो. दादा आपल्या खोलीत पलंगावर उठून बसलेले होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी सकाळी सहाची फेरी मात्र चुकली.

चौथ्या रात्री मी टिंबूला गॅलरीत ठेवून दार लावून घेतले. तो बराच वेळ रडत होता. मी उशी कानावर घेतली. तीनच्या सुमारास मला जाग आली ती पॅसेजमधल्या आवाजाने. उठून पाहिले. अंधारात दादा उभे होते. एक हात भिंतीला टेकलेला, दुसऱ्या हातात फडके. गुडघे धरल्यामुळे त्यांना खाली वाकता येत नव्हते.

"दिवा लावू नकोस," ते म्हणाले.

मी बटणावरचा हात काढला.

"त्याला आत घे. ते त्याचं नव्हतं. एकदाही नव्हतं."

वीस वर्षे मी मुलांना भाषा शिकवतो आहे. त्या वेळी मला एक वाक्य सुचले नाही. मी त्यांच्या हातातले फडके घेतले आणि चाचपडत फरशी पुसली. मग गॅलरीचे दार उघडले. टिंबू माझ्याजवळ थांबला नाही. तो सरळ दादांच्या पायांशी गेला.

सकाळी दादांची वही उघडून पाहिली. एकही नोंद न चुकवणाऱ्या त्या माणसाने त्या तिन्ही पहाटे वहीत काहीच लिहिले नव्हते. खोटे लिहिता येत नव्हते आणि खरे लिहवत नव्हते. "सांगणार होतो," दादा चहा पिताना म्हणाले. "पण तू त्याच्यावर ओरडलास ते ऐकत होतो."

हिने दादांना काही विचारले नाही. तिने पॅसेजमध्ये रात्रभर राहील असा झिरोचा दिवा लावला, रात्री आठचा चहा संध्याकाळी पाचवर आणला आणि डॉक्टरांची वेळ घेतली. लघवी लागली की धीर न धरवणे, रात्रीतून चार-चारदा उठावे लागणे, धार बारीक होणे, हा सारा त्रास दादा चार महिने अंगावर काढत होते. सोनोग्राफी झाली, रक्ताची तपासणी झाली. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली. साठीच्या पुढच्या पुरुषांत ही गोष्ट सर्रास आढळते आणि बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. काहींना शस्त्रक्रिया लागते. मात्र ती कर्करोगाची वाढ नाही ना, हे तपासून घ्यावे लागते, म्हणून डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. दादांना गोळ्या लागू पडल्या. 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणून घराघरांतून किती माणसे ही गोष्ट लपवून ठेवीत असतील, कोण जाणे!

पुढे अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. मालकाने मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे मालकाला मुद्दाम कधी खरे, तर कधी खोटे सांगण्यात आले. निघाले असे की कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा अपराधावर अवलंबून नसतो, मालकाच्या रागावर असतो. निरपराध कुत्राही दरडावले की मान खाली घालतो. टिंबूने पडलेल्या कानांनी मला जे सांगितले होते, ते 'मी केले' असे नव्हते. 'तुम्ही रागावला आहात' असे होते. कुत्र्याला घरात राहायला शिकवायचे म्हणजे काय, हे मी इथवर सांगितलेच आहे. घड्याळ पाहा, खूण ओळखा, वेळेवर उठवा, चुकले तर न बोलता पुसा. ही यादी मी पिलासाठी केली होती. ती फक्त पिलासाठी नाही, हे कळायला मला पॅसेजमधल्या अंधारात उभे राहावे लागले.

आता दिवाळीचे सांगतो आणि संपवतो. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरले होते. फराळाच्या ताटल्या फिरत होत्या. मिनूने दारात रांगोळी काढली होती आणि टिंबू तिच्याजवळ शहाण्यासारखा बसला होता. एवढ्यात खाली कुणीतरी भलामोठा फटाका वाजवला. टिंबू थरथर कापत दिवाणखान्याच्या मधोमध आला आणि सगळ्यांच्या देखत, कित्येक महिन्यांनंतर, त्याने एक भले थोरले टिंब दिले. पाहुण्यांतल्या एक काकू पाय वर घेऊन म्हणाल्या, "अगंबाई, अजून शिकला नाही वाटतं!"

मी उठेपर्यंत दादा उठले होते. त्यांनी मिनूच्या हाती फडके दिले, स्वतः कष्टाने स्टुलावर बसले, टिंबूला जवळ ओढून त्याच्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले आणि म्हणाले, "असू दे. होतं असं."

रात्री पाहुणे गेल्यावर मी वही पाहिली. त्या दिवसाची शेवटची नोंद दादांच्या सुबक अक्षरात होती :

'लक्ष्मीपूजन. सायं. ७-५०. दिवाणखाना. फटाका. दोष नाही.'